डिझेल गाडीचा ईजीआर व्हॉल्व्ह: बदलण्याआधी काय तपासायचं, साफ कसा करायचा

सिग्नलवर उभी असताना गाडी थरथरते, उड्डाणपुलाच्या चढावर पिकअप मिळत नाही, आरशात मागे काळा धूर दिसतो आणि मीटरवर पिवळा चेक इंजिन दिवा लागतो. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला की ईजीआरचा, म्हणजे एक्झॉस्ट गॅस रिसर्क्युलेशनचा, कोड निघतो. मग दोनपैकी एक सल्ला मिळतो: नवा व्हॉल्व्ह टाका, नाहीतर पत्रा लावून बंद करून टाकू. दोन्ही सल्ले घाईचे आहेत. मोटर जळणं, आतल्या गिअरचे दात तुटणं असे बिघाड या व्हॉल्व्हमध्ये होतात, नाही असं नाही. पण बहुतेक वेळा तो काजळीने अडकलेला असतो आणि ती काजळी दुसऱ्याच कुठल्या तरी दोषातून आलेली असते. तो दोष तसाच ठेवून नवा व्हॉल्व्ह बसवला, तर काही महिन्यांत तोही अडकतो.

खालची तपासणी बीएस-३ पासून बीएस-६ पर्यंतच्या डिझेल गाड्यांना लागू पडते. स्कॅनरपर्यंतचं काम कुणीही मालक घरी करू शकतो. व्हॉल्व्ह उतरवण्याचं काम मात्र ज्यांच्या हाताला पान्यांची सवय आहे त्यांनीच करावं. इतरांनी हे वाचून मिस्त्रीजवळ उभं राहावं आणि नेमके प्रश्न विचारावेत.

व्हॉल्व्ह नेमकं काय करतो

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या जळलेल्या वायूचा काही भाग ईजीआर व्हॉल्व्ह परत इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेणाऱ्या वाटेत, सोडतो. त्या वायूत ऑक्सिजन कमी असतो आणि तो ज्वलनाची बरीच उष्णता शोषून घेतो. त्यामुळे सिलिंडरमधलं कमाल तापमान उतरतं आणि नायट्रोजनची ऑक्साइडं कमी तयार होतात, कारण ती जास्त तापमानालाच भराभर बनतात. इंजिन गरम असून भार कमी असेल तेव्हा, म्हणजे आयडलिंगला किंवा संथ चालवताना, व्हॉल्व्ह उघडा असतो. इंजिन थंड असताना आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर तो बंद राहतो.

हे लक्षात घेतलं की लक्षणांचा अर्थ लागतो. व्हॉल्व्ह उघडा अडकला तर नको तेव्हा जळका वायू आत येतो, ताज्या हवेला जागा उरत नाही आणि डिझेल अर्धवट जळतं. परिणामी काळा धूर, १,५०० ते २,००० आरपीएमच्या खाली मेलेला पिकअप, खडबडीत आयडलिंग, कधी सकाळी स्टार्टला त्रास, तर कधी क्लच दाबताच बंद पडणं. बंद अडकला तर गाडी उलट चांगली पळते असं वाटतं. फक्त दिवा लागतो आणि काही इंजिनांत ज्वलनाचा टकटक आवाज वाढतो. अशी गाडी पीयूसीमध्येही पास होते, कारण डिझेलच्या पीयूसीत धुराची अपारदर्शकता मोजतात, नायट्रोजनची ऑक्साइडं मोजत नाहीत. म्हणून ‘पीयूसी आहे म्हणजे ईजीआर ठीक आहे’ असं समजू नका.

तिसरा प्रकार सगळ्यात जास्त फसवतो: व्हॉल्व्ह हलतो, पण सीटवर काजळीचा एखादा खडा असल्यामुळे पूर्ण बसत नाही. सकाळी गाडी ठीक, दुपारी नागपुरातल्या सीताबर्डीच्या गर्दीत अर्धा तास रेंगाळली की थरथर सुरू, आणि वर्धा रोडला लागून वेग घेतला की पुन्हा ठीक. असा व्हॉल्व्ह गॅरेजमध्ये बऱ्याचदा चांगला निघतो आणि दोष इंजेक्टरवर ढकलला जातो.

बॉनेट उघडून, पान्याला हात न लावता

आधी एअर फिल्टर काढून उजेडात धरा. रस्त्यांची आणि बांधकामांची धूळ इथे इतकी आहे की मॅन्युअलमध्ये दिलेल्या किलोमीटरच्या आधीच फिल्टर भरतो, आणि भरलेला फिल्टरही काळा धूर व मंद पिकअप हीच लक्षणं देतो. त्यानंतर टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तिथून इनटेकपर्यंत जाणारे जाड होज पाइप पाहा. जोडाशी तेलाचा ओला डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली तर तिथून हवा निसटते आहे. कुणाला तरी ॲक्सिलरेटर द्यायला सांगून जोडापाशी कान द्या, फुस्स असा आवाज येतो. हात आणि कपडे फॅन बेल्टपासून लांब ठेवा.

व्हॅक्यूमवर चालणारा जुना व्हॉल्व्ह असेल तर त्याची बारीक रबरी नळी बोटाने वाकवून पाहा. मे महिन्यात बॉनेटखालच्या उष्णतेने हे रबर कडक होतं आणि वाकवल्यावर केसासारख्या भेगा दिसतात. ती नळी व्हॉल्व्हच्या मानाने अगदी स्वस्त असते. तिच्यासाठी अख्खा व्हॉल्व्ह बदलणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

थंड इंजिनात कूलंटच्या डब्याची पातळी बघा, डिपस्टिक पुसून ऑइल बघा. ऑइल कमाल खुणेच्या वर गेलं असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर डीपीएफची, म्हणजे एक्झॉस्टमधली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची, आपोआप होणारी सफाई वारंवार अर्धवट राहते आहे, आणि त्यामागे उघडा अडकलेला ईजीआर असू शकतो.

स्कॅनरवर काय वाचायचं

कोड दिसला की लगेच पुसू नका. त्याच्यासोबत साठवलेली फ्रीझ फ्रेम, म्हणजे कोड लागला त्या क्षणाचे आरपीएम, वेग आणि कूलंटचं तापमान, आधी लिहून घ्या. नेहमी दिसणारे कोड असे:

- पी०४०१: प्रवाह अपुरा. व्हॉल्व्ह बंद अडकलेला, किंवा त्याचा पाइप वा कूलर (जळका वायू कूलंटने थंड करणारा भाग) काजळीने बुजलेला.
- पी०४०२: प्रवाह जास्त. व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही.
- पी०४०३: वायरिंग, कनेक्टर किंवा मोटरचं सर्किट.
- पी०४०४: सांगितलेली आणि प्रत्यक्ष जागा जुळत नाही. व्हॉल्व्ह जड झाल्याची ही बहुधा पहिली खूण.
- पी०४०५ आणि पी०४०६: पोझिशन सेन्सरचा सिग्नल फार खाली किंवा फार वर.

ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कंप्युटर, बहुतेक गाड्यांत जळक्या वायूचा प्रवाह थेट मोजत नाही. आत येणारी ताजी हवा मास एअरफ्लो सेन्सर मोजतो आणि ती किती घटली यावरून ईसीयू अंदाज बांधतो. त्यामुळे सेन्सर मळला असेल, किंवा सेन्सर आणि टर्बो यांच्यामधला पाइप फाटून न मोजलेली हवा आत शिरत असेल, तरीही पी०४०२ येऊ शकतो. कोड दिशा दाखवतो, पार्ट ठरवत नाही.

ब्लूटूथचा साधा ईएलएम ३२७ अडॅप्टर आणि मोबाइलवरचं ॲप एवढ्यावर पुढची चाचणी होते. त्यात चार आकडे उघडा: कूलंटचं तापमान, एअरफ्लो ग्रॅम प्रति सेकंद, मॅनिफोल्डचा (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या इनटेकच्या नळीचा) दाब आणि ईजीआरला दिलेली आज्ञा टक्क्यांत. जुन्या बीएस-३ गाड्यांत यातलं सगळं दिसेलच असं नाही, तिथे त्या कंपनीच्या गाड्यांना चालणारा स्कॅनर लागतो.

सुरुवात इंजिन बंद आणि चावी ऑन अशा स्थितीत करा. मॅनिफोल्डचा दाब नागपुरात ९६ ते ९८ किलोपास्कल दिसायला हवा. पुस्तकात १०१ लिहिलेलं असतं, पण तो आकडा समुद्रसपाटीचा आहे आणि आपण सुमारे ३१० मीटर उंचावर आहोत. इथे ९० किंवा १०५ दिसला तर दाबाचा सेन्सरच काजळीने माखला आहे किंवा बिघडला आहे. तो नीट होईपर्यंत पुढचे आकडे ग्राह्य धरू नका.

मग इंजिन ८० अंशांच्या वर गरम करा, एसी बंद ठेवा. एकदा २,५०० आरपीएमपर्यंत नेऊन पाय सोडा आणि आयडलिंगला आकडे पाहा. आकडा किती हवा हे स्वतः काढता येतं. १,२४८ सीसीचं चार स्ट्रोक इंजिन ८५० आरपीएमवर मिनिटाला ४२५ वेळा आपल्या आकारमानाएवढी हवा ओढतं, म्हणजे सेकंदाला सुमारे ८.८ लिटर. इथल्या हवेचं वजन लिटरला साधारण १.१ ग्रॅम धरलं आणि सिलिंडर पूर्ण भरत नाहीत म्हणून थोडं वजा केलं, की ८ ते ९ ग्रॅम प्रति सेकंद येतात. ही ईजीआर बंद असतानाची हवा. ईजीआर उघडला की हा आकडा ठळकपणे, ५-६ पर्यंत, खाली यायला हवा. तुमच्या गाडीचे सीसी आणि आयडल आरपीएम घालून हाच हिशेब करा.

आता आज्ञा आणि हवा शेजारीशेजारी ठेवून वाचा. आज्ञा शून्य असूनही हवा ५-६ वरच असेल तर व्हॉल्व्ह उघडा अडकला आहे. आज्ञा ३०-४० टक्के असून हवा ८-९ वरून हलत नसेल तर तो बंद अडकला आहे किंवा वाट बुजली आहे. हवा बदलते पण दोन-तीन सेकंद उशिरा, धक्के खात, तर व्हॉल्व्ह जड झाला आहे. आज्ञा काहीही असो, आयडलपासून ३,००० आरपीएमपर्यंत हवा हिशेबापेक्षा कमीच दिसत असेल, तर संशय एअरफ्लो सेन्सरवर आणि एअर फिल्टरवर घ्या. काही मिनिटं नुसतं आयडलिंग चाललं की अनेक गाड्या ईजीआर आपणहून मिटवतात, म्हणून आकडे पाय सोडल्यावरच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात बघा.

ही चाचणी सकाळी सहा-सातच्या सुमारास करणं बरं. मे महिन्यात ४५ अंशांत हवा हिवाळ्यातल्या सकाळपेक्षा जवळपास ११ टक्के विरळ असते, म्हणून चांगला सेन्सरही कमी आकडा दाखवतो. शिवाय आत येणारी हवा फार तापली की बऱ्याच गाड्यांचा ईसीयू स्वतःच ईजीआर कमी करतो. भर दुपारी घेतलेल्या रीडिंगवरून कित्येक चांगले व्हॉल्व्ह बाद ठरवले जातात.

वायरिंग आणि व्हॅक्यूम

इलेक्ट्रिक व्हॉल्व्ह असेल तर चावी बंद केल्यावर शांत जागी कान द्या. बऱ्याच गाड्यांत तो एकदा पूर्ण उघडून मिटतो आणि घर्र-टक असा छोटा आवाज येतो. आवाज अडखळत आला तर आत काजळी आहे. अजिबात आला नाही तर कनेक्टर काढून मल्टिमीटर लावा: पोझिशन सेन्सरच्या एका पिनवर ५ व्होल्ट आणि एकावर पक्कं अर्थिंग मिळायला हवं. कनेक्टर जोडून सिग्नलच्या वायरवर बहुतेक गाड्यांत मिटलेल्या स्थितीत १ व्होल्टच्या आसपास आणि उघडताना सलग वाढत जाणारा व्होल्टेज दिसतो. वाढताना मध्येच शून्यावर उडी मारली तर सेन्सरची पट्टी झिजली आहे, आणि तिथे सफाईचा उपयोग नाही. कनेक्टरच्या पिनवर हिरवट बुरशी असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरने ती काढा. पावसाळ्यानंतरचे कितीतरी पी०४०३ इथेच मिटतात.

व्हॅक्यूमच्या व्हॉल्व्हला हातपंपाने अर्धा बार ओढ द्या. दांडा सहज वर जायला हवा आणि काटा मिनिटभर जागेवर टिकायला हवा. काटा घसरला तर डायफ्रॅम फाटला आहे, व्हॉल्व्ह बदला. काटा टिकला पण दांडा हलला नाही तर काजळी आहे.

उतरवताना

आदल्या रात्री बोल्टांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. सकाळी पूर्ण थंड इंजिनावर काम सुरू करा आणि बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. व्हॉल्व्ह कूलरसोबत एकत्र असेल तर कूलंट स्वच्छ भांड्यात काढून घ्या. कूलंट चवीला गोड आणि विषारी असतं, भांडं उघडं ठेवून कुत्र्या-मांजरांना मरणाचं निमंत्रण देऊ नका.

एक्झॉस्टकडचे बोल्ट वर्षानुवर्षं तापून-निवून पकडलेले असतात. त्यांना एकदम जोर लावला तर डोकं तुटतं, आणि ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये अडकलेला तुकडा काढायला लेथवाल्याला बोलवावं लागतं. पाव आटा सैल, परत थोडा घट्ट, पुन्हा सैल, असं करत काढा. टॉर्क्स किंवा ॲलनच्या डोक्यातली काजळी आधी टोकदार सळईने कोरून काढा, नाहीतर बिट पूर्ण बसत नाही आणि डोकं गोल होतं. व्हॉल्व्ह निघाला की इनटेकचं उघडं भोक फडक्याने बंद करा आणि किती फडकी कोंबली ते मोजून ठेवा.

हातमोजे आणि मास्क लावाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकलं. सुकी काजळी फुंकून उडवणं किंवा कॉम्प्रेसरने उडवणं ही गॅरेजमधली सवय त्या पोरांच्या छातीत जाते. तिथे ओला ब्रश वापरा.

काजळी वाचा, मग पुसा

स्प्रे मारण्याची घाई करू नका. आधी पांढऱ्या फडक्याने व्हॉल्व्हच्या तोंडावर एक बोट फिरवा. या एका बोटातून जे कळतं ते स्कॅनरवरून कळत नाही.

फडक्यावर मऊ, कोरडी, पिठासारखी काळी पूड आली तर ती नेहमीची काजळी आहे. थर १ मिलिमीटरच्या आसपास असेल तर मोठा दोष नाही, गाडी कमी अंतरं फार धावते एवढंच. डांबरासारखा ओशट, ओढला तर तार सुटणारा थर असेल तर काजळीत ऑइल मिसळतं आहे. ते टर्बोच्या सीलमधून येतं किंवा क्रँककेसच्या वाफा वेगळ्या करणाऱ्या सेपरेटरमधून. काळ्या काचेसारखा चकचकीत, नखाने न निघणारा कडक थर म्हणजे तेल वरचेवर भाजत गेलं आहे आणि दोष जुना आहे. काजळीत पांढरट किंवा हिरवट पापुद्रे, किंवा एका बाजूने धुवून निघाल्यासारखा स्वच्छ धातू दिसला, तर कूलर फुटून कूलंट आत येतं आहे. तसं असेल तर व्हॉल्व्ह बाजूला ठेवून आधी कूलरकडे जा.

सफाई

व्हॉल्व्ह असा धरा की मोटर आणि कनेक्टर वर, तोंड खाली. द्रव मोटरकडे वाहता कामा नये. ४५० ते ५०० मिलिलिटरचा ईजीआर किंवा कार्ब्युरेटर क्लीनरचा एक डबा एका व्हॉल्व्हला पुरतो. स्प्रे मारा, दहा मिनिटं मुरू द्या, पितळी किंवा नायलॉनच्या ब्रशने घासा, पुसा, पुन्हा मारा. तीन-चार फेऱ्या लागतात. मोटर वेगळी निघत असेल तर नुसतं धातूचं घर रात्रभर डिझेलमध्ये बुडवून ठेवा, कडक थर बराच सैल होतो.

सीटची कड हा सगळ्यात नाजूक भाग. तिथे स्क्रूड्रायव्हरने खरवडलं तर ओरखडा पडतो आणि व्हॉल्व्ह कायमचा गळका होतो. लाकडी काडी किंवा जुन्या प्लास्टिक कार्डाची कड वापरा. ड्रिलला लावलेला तारेचा ब्रश नको. कॉस्टिक सोडा तर मुळीच नको, तो ॲल्युमिनियम खातो. इलेक्ट्रिक व्हॉल्व्हची झडप पक्कडीने ढकलू नका, आत प्लास्टिकचे गिअर असतात. ती स्कॅनरच्या ॲक्च्युएटर टेस्टने हलवा, आणि हलत असताना बोट आत घालू नका.

घासून झालं की झडप मिटलेली ठेवून एका बाजूला थोडं घासलेट ओता. पाच मिनिटांत दुसऱ्या बाजूला एखादा थेंब आला तर चालेल. धार लागली तर सीट गेली आहे, आणि नवा व्हॉल्व्ह घेण्याचं हे खरं कारण आहे. काळं झालेलं द्रव नालीत ओतू नका, जुन्या ऑइलच्या डब्यात जमा करून गॅरेजच्या ऑइलसोबत द्या.

चालत्या इंजिनाच्या इनटेकमध्ये स्प्रे मारून ‘न उघडता सफाई’ करण्याची पद्धत आहे. जाड थर असलेल्या इंजिनावर ती करू नका. सुटलेले ढेकूळ थेट सिलिंडरमध्ये आणि पुढे टर्बोत जातात, आणि डिझेल इंजिन आत आलेलं ज्वलनशील द्रव इंधन म्हणून जाळून बेफाम होऊ शकतं.

मॅनिफोल्ड आणि कूलर

टॉर्च लावून इनटेकच्या तोंडात बघा. जिथे ४०-५० मिलिमीटरचं भोक असायला हवं तिथे काजळीने अंगठा जेमतेम जाईल एवढीच जागा उरलेली दिसते, अशा गाड्या कमी नाहीत. मॅनिफोल्ड उतरवूनच साफ करा, जागेवर खरवडून नाही. दाबाच्या सेन्सरचं टोकही या वेळी हलक्या हाताने पुसून घ्या.

कूलंट कमी होतंय पण जमिनीवर डाग नाही, गरम इंजिनातही गोडसर वासाचा पांढरा धूर येतो, असं असेल तर कूलर तपासा. तो उतरवून पाण्याची वाट एका बाजूने बंद करा, दुसरीकडून १ ते १.५ बार हवा द्या आणि पाण्याच्या टबात बुडवा. बुडबुडे आले की कूलर बदला. वेल्डिंग करून वापरू नका. गळणारं ग्लायकॉल आणि काजळी मिळून जो लगदा होतो तो पेट घेतो. २०१८ मध्ये बीएमडब्ल्यूने दक्षिण कोरिया आणि युरोपातल्या डिझेल गाड्या याच कारणासाठी परत बोलावल्या होत्या. कूलंटच्या जागी बोअरचं पाणी घालणं ही आपल्याकडची जुनी सवय. त्यातल्या क्षारांनी बारीक वाटा बुजतात आणि पत्रा सडतो. कंपनीने सांगितलेलं कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं-निम्मं मिसळून घाला.

परत बसवताना

गॅस्केट नवीच. धातूचं जुनं गॅस्केट एकदा दाबलं की दुसऱ्यांदा धरत नाही. सिलिकॉनची पेस्ट लावू नका, एक्झॉस्टच्या उष्णतेने ती जळते आणि तिचे तुकडे आत जातात. बोल्ट आधी सगळे हाताने लावा, मग तिरक्या क्रमाने घट्ट करा. तुमच्या गाडीचा आकडा मिळाला नाही तर एम-६ ला सुमारे १० आणि एम-८ ला २० ते २५ न्यूटन मीटर ही सर्वसाधारण मर्यादा. मोजून फडकी बाहेर काढा. कूलंट भरून हवा काढा.

यानंतरची पायरी निम्म्या गॅरेजमध्ये सुटते: स्कॅनरवरून ईजीआरचं लर्निंग. मळलेल्या व्हॉल्व्हची ‘मिटलेली’ जागा ईसीयूने लक्षात ठेवलेली असते. साफ झालेला व्हॉल्व्ह त्यापेक्षा जास्त मिटतो, आणि दोन दिवसांत पी०४०४ परत येतो. मग सफाईला दोष दिला जातो.

कोड पुसा आणि वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत जाऊन या. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये २,००० ते २,५०० आरपीएम ठेवा, वेगमर्यादेत. पहिले काही मिनिटं धूर जास्त दिसेल. डीपीएफ असलेल्या गाडीने वाटेत सफाई सुरू केली तर ती पूर्ण होऊ द्या, आणि त्यानंतर उन्हाळ्यात सुक्या गवतावर गाडी उभी करू नका. त्या वेळी एक्झॉस्टमध्ये ६०० अंशांच्या आसपास तापमान असतं.

काजळी आली कुठून

इथला एक दोष वेगळा सांगायला हवा: काढून टाकलेला थर्मोस्टॅट. उन्हाळ्यात गाडी तापली की तो काढून देण्याचा तोडगा आपल्याकडे सर्रास चालतो. मग डिसेंबर-जानेवारीत, पहाटे पारा १० अंशांच्या खाली जातो तेव्हा, इंजिन ५०-६० अंशांवरच घुटमळतं. थंड सिलिंडरमध्ये डिझेल नीट जळत नाही, काजळी वाढते आणि तेलाच्या वाफा इनटेकमध्ये गोठून चिकटतात. गाडी सुरू करून १० किलोमीटर चालवल्यावर ॲपमध्ये तापमान ८० च्या वर जात नसेल तर थर्मोस्टॅट आहे का आणि तो मिटतो का ते आधी पाहा. तापण्याचं खरं कारण रेडिएटर, फॅन किंवा पंपात असतं, ते तिथेच दुरुस्त करा.

ओशट थर असेल तर सेपरेटर साफ करा किंवा बदला, ऑइल कमाल खुणेच्या वर भरू नका, आणि टर्बोच्या शाफ्टचा खेळ तपासा. डीपीएफ असलेल्या गाडीत मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या कमी राखेच्या दर्जाचंच ऑइल वापरा. धरमपेठ ते सदर एवढंच रोज चालणाऱ्या गाडीला आठवड्यातून एकदा अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर न्या. इंजेक्टर गळत असतील तर त्यांच्या दुरुस्तीआधी ईजीआर साफ करण्यात पैसे घालू नका.

पत्रा लावण्याबद्दल

पत्रा लावून वाट बंद केली की बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांत पी०४०१ येतोच, मग सॉफ्टवेअर बदलून तो लपवावा लागतो. पुढे खरा दोष आला तरी ईसीयू बोलत नाही. कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल करायला मनाई करतं, आणि हवा प्रदूषणाची मानकं मोडल्यास कलम १९० च्या पोटकलम २ खाली पहिल्या गुन्ह्याला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण कायदा बाजूला ठेवला तरी, नायट्रोजनची ऑक्साइडं कडक उन्हात जमिनीलगतचा ओझोन बनवतात, आणि उन्हाची आपल्याकडे काय कमी? तो दमेकऱ्यांच्या आणि शाळेतून पायी येणाऱ्या मुलांच्या छातीत जातो.

नवा घ्यायचाच असेल तर

जुन्या व्हॉल्व्हवर कोरलेला पार्ट नंबर आणि गाडीचा चेसिस नंबर दोन्ही दुकानात द्या. दिसायला तंतोतंत सारखे व्हॉल्व्ह सेन्सरच्या व्होल्टेजमध्ये वेगळे असतात. पिअरबर्ग, वालेओ, बोर्गवॉर्नर, डेन्सो, बॉश यांपैकी जुन्यावर जे नाव असेल तेच घेणं सुरक्षित. भंगारातून काढलेला वापरलेला व्हॉल्व्ह घेऊ नका, तो ज्या गाडीतून आला तिथली काजळी तुम्ही विकत घेता.

काम झाल्यावरचे गरम आयडलिंगचे आकडे, ईजीआर बंद आणि उघडा दोन्ही, तारीख आणि किलोमीटरसह सर्व्हिस बुकच्या मागच्या पानावर लिहा. कूलंटच्या डब्यावर मार्करने रेघ मारा. १,००० किलोमीटरनंतर एका सकाळी तेच आकडे पुन्हा घ्या. हवेतला फरक पाव ग्रॅम-अर्धा ग्रॅम असेल तर काही करू नका. उघड्या आणि बंद स्थितीतलं अंतर कमी होत चाललं असेल, किंवा कूलंट रेघेखाली गेलं असेल, तर काजळी कुठून येते याचा शोध अजून पुरा झालेला नाही.